मारियामातेच्या सणापर्यंत

१२ जून

बस्त्यावचा इकोचा रिपोर्ट आला. एकाच हॉस्पिटलात असून मला लॅबमधून सुटून कार्डिओलॉजीत पोचायला उशीर झाला. तोवर डॉक्टरांनी नवऱ्याला सगळं सांगून टाकलं होतं. हृदयाची एक झडप कडक झालीय, बदलावी लागेल. "घाई नाही, पण उशीरही नको." ऑगस्टच्या सुरुवातीची तारीख देतो म्हणाले.

ब. गाडीत बसला, एसी लावला, आरसा नीट केला. सनाबिसच्या सिग्नलला म्हणाला, "कशाला?"

मला वाटलं, कशाला एवढ्या लवकर. तर तसं नाही. नुसतंच, कशाला.

१३ जून

फादरमामांचा लांबलचक व्हॉइस मेसेज. आईच्या भावांत आता हे एकटेच उरलेत. वसईला, निवृत्त धर्मगुरूंच्या घरात. डोळे जवळजवळ गेले आणि पुस्तक अर्धं राहिलं, म्हणून वर्षभर ते फोनवर बोलतात नि मी इथे आखातात टाइप करते. आपल्याकडे पहिल्यांदा आलेल्या पोर्तुगीज संन्याशांचा इतिहास. कमरेला दोर, पायात चपला नाहीत.

आजचा भाग वेगळाच. त्या लोकांना खात्री होती म्हणे की जग संपत आलंय. शुभवर्तमान पृथ्वीच्या टोकापर्यंत पोचलं की शेवट. आणि टोक कुठलं? तर आपलं. वसई!

हसले एकटीच. विरारवाल्यांना कळवायला हवं.

१९ जून, शुक्रवार

चर्चमध्ये मिस्सा. मग ब. रिफाला, त्याच्या प्रार्थना-मंडळात. मी एकदाच गेले होते. मोठी व्हिला, खाली हॉल, चाळीसेक माणसं, सगळीकडची. मध्ये ते मंडळ चालवणारे ब्रदर. आवाज न चढवता बोलतात, याचाच जास्त दबदबा वाटतो. लोक त्यांना प्यायला पाणीसुद्धा दोन्ही हातांनी देतात.

ब. परत आला तो हसतमुख. चहा घेता घेता म्हणाला, "ब्रदर म्हणाले, ऑगस्टातल्या मारियामातेच्या सणापर्यंत."

"काय सणापर्यंत?"

"जगाला आहे तो वेळ."

मी कप धुवायला उठले. दुसरं काय करणार होते?

२२ जून

मोहरम. गल्लीभर काळे झेंडे. खालच्या मजल्यावरच्या उम्म जाफरने हरीसचं, गहू-मटणाच्या लापशीचं, पातेलं पाठवलं, मग स्वतःच वर आली. घरमालकाची आई. तिचं हिंदी नि माझं अरबी सारखंच मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमतं. ब.च्या तब्येतीचं विचारलं. ऑपरेशनचं सांगितलं, सणाचंही सांगून टाकलं. का सांगितलं कोण जाणे. घरात बोलायला दुसरं माणूस नाही.

तिने आधी मान डोलावली. "हम भी इंतजार करता. हमारा इमाम आएगा." मग बोट हलवलं. "लेकिन तारीख? मफी तारीख, तारीख नहीं. तारीख बोलनेवाला झूठा. हमारे में ऐसा बोलता."

ब.ला सांगितलं. म्हणाला, "त्यांचं वेगळं."

२८ जून

ब.ने डुमिंगला फोन केला.

हे लिहून परत वाचतेय. सासऱ्यांच्या मयतीनंतर विहिरीच्या वाटेवरून दोघा भावांत जे झालं, त्यानंतर एक शब्द नाही. आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा मीच त्याचं नाव घातलं होतं. आणि आज हा आपण होऊन लावतो, म्हणतो, "डुमिंग, वाट तुझीच. ने तिथून ट्रॅक्टर." मग डुमिंग रडतोय हे मला सोफ्यावरून ऐकू आलं.

हे त्या रिफाच्या हॉलमुळे झालं. नाही कसं म्हणू? आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं सांगून पाहिलं होतं.

५ जुलै

फा.मा.चा भाग. एक संन्यासी, फ्राय बेन्तो. तरुणपणी गलबतातून आला. त्याच्या पंथातल्यांची समजूत: जगाचे तीन काळ, दोन संपले, तिसरा संन्याशांचा, आणि तोही संपत आलेला. संध्याकाळी मळ्यात आलेले मजूर म्हणायचे स्वतःला. उजेड थोडा, काम फार. म्हणून बाप्तिस्मे घाईघाईने, घोळक्याने. एका दिवशी जेवढे पुरुष पुढे आले त्या सगळ्यांना एकच नाव. दुसऱ्या दिवशी दुसरं.

फा.मा. हे सरळ सांगतात, काही झाकत नाहीत. देवळं पाडली तेही. आईबाप गेलेली पोरं नातेवाइकांच्या हातून काढून मठात नेली, तेही त्याच घाईत. "त्यांना ते प्रेम वाटत होतं, फिलू. आग लागलेल्या घरातून पोर ओढून काढावं तसं. हे लिही. आणि घराला आग लागलेली नव्हती, हेही लिही."

लिहिलं. मग स्वतःच्या आडनावाकडे बघत बसले. कोणा एकाच्या घाईतून आलेलं असणार.

मागे ब. उभा होता. मेसेज मोठ्याने लावलेला, त्याने सगळं ऐकलं. म्हणाला, "बघ. त्यांनाही माहीत होतं."

म्हटलं, "अरे, त्यांचं चुकलं ना! आपण आहोत की इथे."

"चुकलं कसं? पुढे मराठे आले, किल्ला पडला, मठ ओस पडले. संपलंच की त्यांचं."

मामांचं पुस्तक माझ्याच घरात असं उलटेल हे वाटलं नव्हतं.

९ जुलै

नळाचं पाणी उकळतं. दरवर्षीसारखा गिझर बंद करून त्यातलं पाणी आंघोळीला घेतोय. तेवढंच थोडं गार.

ब. आज एका टॉवरच्या मशीनरूमकडे चढताना जिन्यात बसला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, लिफ्ट बंद म्हणून जिना. त्याच्या सुपरवायझरने मला फोन केला, ब.ने नाही. पोचले तेव्हा भिंतीला टेकून बसला होता. ओठ पांढरे. मला म्हणाला, "तू कशाला आलीस उन्हात?"

हॉस्पिटलात आणलं, रक्त काढलं. ट्यूबवर त्याचं नाव वाचलं आणि ती दुसऱ्या मुलीकडे सरकवली. एवढ्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

१६ जुलै

कार्डिओलॉजीतल्या मल्याळी सिस्टरने कॅन्टीनमध्ये विचारलं, "चेची, तुमच्या मिस्टरांनी तारीख का कॅन्सल केली?"

मला माहीतच नव्हतं.

घरी येऊन विचारलं. हो म्हणाला, सोमवारीच फोन केला. इतक्या सहज, जणू दूधवाल्याला उद्या नको सांगितलं.

"सण होऊ दे, मग कर," मी म्हणाले.

तो हसला, तेही प्रेमाने. "सण झाल्यावर कोण करणार, फिलू?"

त्याच्या हसण्याचाच राग आला. भांडला असता तर बरं झालं असतं. हा माणूस वीसेक वर्षं घोरत, कुरकुरत, बातम्यांना शिव्या देत माझ्याशेजारी झोपला. आता बाळासारखा झोपतो. आणि मी जागी.

१७ जुलै

जेनीला पुण्याला फोन. पोरगी मराठी सगळं समजते, बोलते इंग्लिशमध्येच. "ममा, जस्ट गेट हिम अ‍ॅडमिटेड!" म्हटलं, बाई, तो काही दोन वर्षांचा आहे का, उचलून न्यायला? मग तीच मराठीत, "पप्पांना भीती वाटते का गं?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

२१ जुलै

मामांचं टाइप करणं बंद ठेवलंय. सांगितलं, कामाचा व्याप आहे. ते म्हणाले, "बरं." त्यांना बरंवाईट आवाजावरून कळतं, डोळे गेल्यापासून जास्तच. थोड्या वेळाने परत फोन. "काय झालंय?"

सांगितलं. पार जूनपासूनचं.

मामा म्हणाले, "त्याच्याशी वाद घालू नकोस. मीही घालणार नाही. शास्त्रातली वाक्यं त्याच्याकडे माझ्याहून जास्त असतील आत्ता. तू त्या दिवशी त्याच्याबरोबर राहशील का?"

"कुठे? रिफाला?"

"जिथे तो असेल तिथे."

२ ऑगस्ट

ब. घर आवरतो. जुने शर्ट इस्त्री करून लेबर कॅम्पातल्या पोरांना दिले. माझ्या शिलाई मशीनला तेल घातलं. संध्याकाळी माझे पाय दुखतात म्हणून मीठ घातलेलं पाणी आणून ठेवलं. लग्नानंतर पहिल्यांदा.

जेवताना विचारलं, "तुला ऑपरेशनची भीती वाटते?"

भात कालवत राहिला. "छाती उघडतात," म्हणाला. "करवतीने."

मी सांगत बसले. आता किती सोपं झालंय, आमच्याकडे दर आठवड्याला होतात, माणसं चालत घरी जातात. तो ऐकत होता, पाव्हण्याचं ऐकावं तसं.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या सण, आणि शनिवारची सुट्टी आहेच. ब.ला म्हटलं, मी येते.

"तुझा विश्वास नाही."

"नाही. पण येते."

मग म्हणाला, "पांढरी साडी आहे का तुझ्याकडे?" होती, जेनीच्या पहिल्या कम्युनियनची. काठ पिवळे पडलेत.

१६ ऑगस्ट

काल लिहिलं नाही. आज लिहिते, जमेल तसं.

सकाळी मिस्सा ऐकली आणि रिफाला गेलो. हॉल भरलेला. पोरं गालिच्यावर रंगीत पेन्सिली घेऊन. गाणी झाली, जपमाळ झाली, परत गाणी. ब्रदर मध्येमध्ये थोडं बोलत. कोणी वेडंवाकडं वागत नव्हतं, हे स्वतःसाठी लिहून ठेवते. एकमेकांची माफी मागत होते. एक केरळी गृहस्थ बायकोचे हात धरून बसला होता, म्हातारा, लाजत लाजत. मला आतून हलल्यासारखं झालं. क्षणभर वाटलं, ही माणसं म्हणतात तसं झालं तर? खिडकीकडे पाहिलं. समोरच्या व्हिलाचं गॅरेज, पांढरं ऊन.

दुपार झाली. पोरं भुकेली. कोणी जेवणाचं काढेना. घरची बाई, लिझी, सारखी किचनकडे बघायची नि बसून राहायची. शेवटी मीच उठले, तिच्या मागोमाग आत गेले. दोन मोठी पातेली भात तिने सकाळीच करून झाकून ठेवला होता.

"खाना बनाया तो गलत हुआ क्या?" कुजबुजली.

म्हटलं, "बच्चे हैं ना."

ती डोळे पुसत होती. म्हणाली, मुलांचे शाळेचे नवे कपडे शिवायला टाकलेत, नवऱ्याला न सांगता. शिंप्याने सोमवारी बोलावलंय. जावं की नाही?

"जाओ," मी म्हणाले. आम्ही दोघींनी पोरांना ताटं वाढली. मग मोठेही आले एकेक करून, मान खाली घालून.

ऊन उतरलं. खिडकी पिवळी, मग राखाडी. जवळच्या मशिदीतून मगरिबची अजान आली. नेहमीसारखी. सगळे ती ऐकत राहिले. कोणीतरी दिवा लावला. त्या बटणाचा आवाज अजून कानात आहे.

ब्रदर म्हणाले, कृपेचा काळ वाढवला गेला आहे. दोनचार जणांनी "आमेन" म्हटलं. बाकीचे चपला शोधायला लागले.

ब. गाडी चालवत होता. वळण चुकला. पुढे जाऊन वळलो.

इतके दिवस वाटत होतं, सण सरला की मी हुश्श करीन. घरी आल्यावर त्याने बूट काढले आणि तिथेच दाराजवळ बसून राहिला, वाकून. मीही बसले. हुश्श काही झालं नाही. त्याचं काहीतरी गेलं होतं, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटत होतं.

२० ऑगस्ट

कामाला जातो. जेवतो थोडं. परत कुरकुर, परत बातम्या. डुमिंगचा फोन आला तर म्हणाला, बाथरूममध्ये आहे सांग. वाट दिली त्याचा पस्तावा होतोय का? विचारायचं धाडस नाही.

दम जास्त लागतो. रात्री टेकायला उशा तीन.

२४ ऑगस्ट

आज आपण होऊन बोलला. मी कपडे वाळत घालत होते, तो बादलीतून एकेक देत होता.

"मला कोणी फसवलं नाही, फिलू. ब्रदरांना शिव्या देऊ नकोस."

"देत नाही."

"सगळं संपणार म्हटल्यावर सगळं सोपं झालं होतं. डुमिंग सोपा झाला. तू सोपी झालीस." टॉवेल पिळत राहिला, पिळून झालेला होता तरी. "आता परत तेच आहे सगळं. आणि वर हे." छातीला बोट लावलं.

मला त्याला जवळ घ्यायचं होतं. हात ओले होते. तसेच ठेवले त्याच्या पाठीवर.

२९ ऑगस्ट

ब.ने स्वतः फादरमामांना फोन लावला. स्पीकरवर. मी उठून जात होते, तर "बस" म्हणाला.

"मामा, तो तुमचा फ्राय बेन्तो. त्याने तारीख धरली होती?"

"एक वर्ष धरलं होतं."

"मग ते वर्ष गेल्यावर?"

"जगला. म्हातारा होऊन मेला, आपल्याकडेच."

"काय केलं त्याने?"

"मठाच्या मागे विहीर खणायला घेतली."

ब. पुढे झुकला. "का? काय म्हणाला तो त्याबद्दल?"

"काही म्हणाल्याचं कुठे सापडत नाही. मी फार शोधलं, बाबा. लाज वाटली, की परत हिशेब मांडला, की विश्वास गेला, काहीच कळत नाही."

"पण विहीर खणली म्हणजे..."

"म्हणजे पाणी नसेल," मामा म्हणाले. "मी त्याचा अर्थ लावत नाही. धर्मगुरूंना अर्थ लावायची फार खोड असते."

ब. हसला. सणानंतर पहिल्यांदा. मग मामा म्हणाले, "बस्त्याव, मलाही रोज वाटतं, आता पुरे. या वयात वाटतं. पण सकाळी नर्स डोळ्यांत थेंब टाकायला येते तेव्हा मी मान वर करतो. का करतो मला माहीत नाही."

फोन ठेवल्यावर ब. म्हणाला, "थकलेत गं ते."

४ सप्टेंबर, शुक्रवार

रिफाला नवीन वेळ सांगितलीय. नाताळच्या आधीची. ब. निघाला होता. चावी घेतली, खाली गेला. गॅलरीतून बघत होते. गाडी सुरू केली, एसी सुरू, पण गाडी हलेना. उम्म जाफर मांजरांना खाणं घालत होती, तिने काचेवर टकटक केली. दोघं काहीतरी बोलले. मग तो वर आला.

"काय म्हणाली?"

"विचारत होती, सीफ मॉलकडे जाताय का, तिला सोडाल का."

"मग सोडायचं ना!"

"सोडतो म्हटलं. ती अबाया बदलून येतेय." पाणी प्यायला आणि परत गेला. तिला सोडून दीड तासाने आला. रिफा त्याच रस्त्याने पुढे आहे. गेला होता का, विचारलं नाही.

परत मामांचं टाइप करायला घेतलं.

९ सप्टेंबर

कार्डिओलॉजीतून फोन. एक जागा रिकामी झालीय, चौदा तारखेला. मी ब.कडे फोन दिला. माझं बोलणं संपलं म्हणून नाही, मला बोलायचंच नव्हतं त्याच्या वतीने. त्याने ऐकून घेतलं. "ओके," म्हणाला. "ओके सिस्टर. इंशाल्ला."

या गावात इंशाल्ला म्हणजे हो की नाही, हे एवढ्या वर्षांत कोणाला कळलंय?

१२ सप्टेंबर

सकाळी जिदहफ्सला, मासळी बाजारात. ब. म्हणाला, मीही येतो. हळूहळू चालत होता. मी दोघांपुरती साफी, इथली छोटी मासळी, बघत होते, तर हा पलीकडे अख्ख्या कनादपाशी. आपली सुरमई. हातभर लांब.

"एवढी कोण खाणार?"

"तुकडे करून ठेव."

घासाघीस केली, विकणाऱ्याने "यल्ला, खलास" म्हणून पिशवीत घातली. घरी येऊन कापत बसले. फ्रीजर भरला, बर्फाचा ट्रे बाहेर काढावा लागला. डोकं वेगळं ठेवलं, आमटीला. तो दारात उभा राहून बघत होता. "शेपटीकडचे मला नकोत," म्हणाला. "काटे असतात."

१३ सप्टेंबर

डुमिंगचा फोन आला. ब.ने घेतला. ट्रॅक्टरचं, पावसाचं, कोणाच्या गाईचं. ऑपरेशनचा शब्द नाही. शेवटी ब. म्हणाला, "उद्या आहे माझं." नुसतं एवढंच. डुमिंग म्हणाला, "माहितेय. फिलूने सांगितलं."

उद्या सातला हजर व्हायचं. उपाशी. सीपीआर कार्ड म्हणजे इथलं ओळखपत्र, जुने रिपोर्ट माझ्या पर्समध्ये. त्याच्यासाठी बॅग काढून दाराशी ठेवलीय, चेन उघडी. म्हटलं, तुझं तू भर, तुला काय लागेल ते.

संध्याकाळी पाहिलं, रिकामीच होती. विचारलं नाही. आत्ता आमटी गरम करायला उठले तर तो बॅगेजवळ उकिडवा बसलाय. हातात घरात घालायच्या सपाता. आत ठेवल्या, परत काढल्या, तळवे पुसतोय.

"फिलू," म्हणतोय, "तिथे फरशी गार असते का गं?"